समोरून न गेलेल्या गाड्या

सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर समासात चार उभ्या काड्या आणि त्यांच्यावरून तिरपी गेलेली पाचवी. एक जुडी. तिच्या खाली दुसरी, मग तिसरी, अशा थेट निधनवार्तांच्या कडेपर्यंत. पेन्सिलीनं काढलेल्या, हलक्या हातानं, कुणी विचारलंच तर सहज पुसून टाकता याव्यात अशा. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. कुणीतरी फोनवर बोलता बोलता हात चाळवला असेल, एवढंच. पण त्या जुड्यांच्या वर चार रकाने पाडलेले होते आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकेक छोटं चित्र होतं: सायकल, मोटार, ट्रक आणि दोन शिंगं. माझ्या कपातला चहा बशीत आला. कारण हा खात्याचा मोजणी तक्ता होता. या शहरात, या तिसऱ्या मजल्यावर, तो फक्त एका माणसाला माहीत असायला हवा होता, आणि तो माणूस मी. आणि मी काही तो काढलेला नव्हता. निदान जागेपणी तरी नाही.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि तिचा थोरला भाऊ. तीन महिन्यांपूर्वी तो चार दिवसांसाठी म्हणून आला, एक पत्र्याची पेटी आणि एक टायर घेऊन. पेटीत कपडे होते. टायर कशाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता तो टायर गॅलरीत आडवा पडलेला असतो आणि त्यावर उशी टाकून मेहुणे बसलेले असतात. सगळी हयात टायर दुरुस्त करण्यात गेलेली. खुर्चीवर बसलं की त्यांना कुणाच्या तरी कचेरीत आल्यासारखं वाटतं म्हणे. बायको दादा म्हणते म्हणून मीही दादा म्हणतो. ते मला पाहुणे म्हणतात, माझ्याच घरात. बायकोला म्हणतात चिमी. अडुसष्ट वर्षांची चिमी. रोज सकाळी नऊला ते टायरवर बसतात, गजांतून खालच्या चौकाकडे बघतात, दहाला उठतात. मला वाटायचं, ऊन खातात. ‘दादा, हे काय काढलंय?’ असं सरळ विचारायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. हरकत अशी, की मी एक विचारलं असतं तर त्यांनीही एक विचारलं असतं. मी वर्तमानपत्राची घडी जशीच्या तशी घातली आणि हवामानाच्या बातमीवर मोठ्यानं नापसंती व्यक्त केली.

जुना हायवे राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. नकाशावर तो सरळ दिसे, पण नकाशा काढणारा त्यावरून चालला नसावा. प्रत्यक्षात तो कुणाच्या विहिरीला, कुणाच्या शाळेला, कुणाच्या एकुलत्या एका झाडाला वळसा घालत, वाटेत सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या म्हाताऱ्यासारखा रमतगमत पोचायचा. वर्षातून दोनदा, सात-सात दिवस, त्या रस्त्याच्या कडेला ठरलेल्या ठिकाणी बसून समोरून जाणारं प्रत्येक वाहन मोजायचं, ही माझी नोकरी. असं प्रत्येक ठिकाण म्हणजे एक ठाणं. एक टेबल, एक छत्री, लाकडी फळीला चिमट्यानं लावलेला तक्ता. गाडी गेली की काडी. माझी पाळी दिवसाची. माझ्या ठाण्यासमोर एक टायरचं दुकान होतं, बाहेर टायरांचे मनोरे, आत रबर तापवल्याचा वास. तो वास अजून मला ओळखतो. शहरात कुठंही पंक्चरच्या दुकानावरून गेलो की माझ्या मागे लागतो आणि दोन गल्ल्या तरी सोडत नाही. दुकानदार तिशीचा, दंड खांबासारखे, कान असा तिखट की वळणापलीकडून येणाऱ्या ट्रकचं कुठलं चाक उतरलंय ते पाठ फिरवून सांगायचा. ‘डावं, मागचं, आतलं,’ म्हणायचा, आणि ट्रक आपणहून येऊन त्याच्या दारात थांबायचा. त्याच्याइतका अभिमान मला माझ्या काड्यांचा कधी वाटला नाही. दोन दिवस मी इमानानं मोजलं. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर तो रस्ता ओलांडून आला, डोक्यावर खाट. ती त्यानं छत्रीच्या सावलीत टाकली. ‘साहेब, पाठ टेका थोडी. गाड्या काय कुठं पळून जात नाहीत.’ खरं तर त्या पळूनच जात होत्या, पण हे खाटेवर पडल्यावर सुचत नाही.

जाग आली तेव्हा ऊन कलंडलेलं आणि तीन तासांचे रकाने कोरे. दुसरा कुणी असता तर त्यानं सकाळच्या आकड्यांवरून अंदाजपंचे भरून टाकलं असतं. मला ते जमेना. नुसता आकडा खोटा लिहायला माझा हात धजत नाही. गाडी आधी दिसावी लागते. म्हणून मी डोळे मिटून बसलो आणि एकेक गाडी रस्त्यावर आणू लागलो. एक ट्रक आरशांनी भरलेला, त्याच्यातून सगळं रान उलटं पळतंय. एक मोटार, पुढे नवराबायको भांडताहेत आणि मागच्या काचेला नाक लावून त्यांचं कुत्रं जगाची माफी मागतंय. सायकलवर एक शिंपी, गळ्यात फीत तशीच, कॅरियरवर कुणाचा तरी घाईचा कोट. गाडी दिसली की काडी. माझ्या प्रत्येक काडीमागे एक गाडी होती, फक्त ती रस्त्यावर नव्हती. बैलगाड्यांवर माझा विशेष जीव. सावकाश येतात, घडवायला सवड मिळते. गाडीवानाला पडसं झालंय, एका बैलाचं दुसऱ्याशी पटत नाही, धुऱ्याला पिंजरा टांगलाय आणि पिंजऱ्यातला पोपट गाडीवानापेक्षा शहाणा आहे. एका दुपारी अशा तीस-चाळीस बैलगाड्या मी विनासायास आणायचो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट, पुन्हा झोप, पुन्हा गाड्या. पुढच्या मोजणीलाही तेच. चारच्या सुमाराला दुकानदाराची बहीण चहा घेऊन यायची. तोवर रकाने भरलेले असायचे, आणि ती तक्त्याकडे बघून म्हणायची, ‘बापरे, आज फारच वर्दळ की.’

लग्न ठरलं ते या तक्त्यांवरच. तिचे वडील बिचकत होते. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसणारा माणूस, याला काय नोकरी म्हणायचं? तेव्हा हा टायरवाला मध्ये पडला. ‘बाबा, जो माणूस रस्त्यावरची एक सायकल चुकवत नाही, तो संसारात काय चुकणार?’ हे वाक्य मी दाराआडून ऐकलं आणि माझे कान तापले. पण नकार देण्याइतका सज्जन मी नव्हतो. चाळीस वर्षं झाली. बायको शेजारणींना सांगते, ‘यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, पण कामात? कामात एक काडी इकडची तिकडे नाही.’ घरात माझ्या बाजूनं उभं असलेलं हे एकच वाक्य. ते काढून घेतलं तर मी काय उरतो ते मला सांगता येणार नाही. एक घोरणारा थापाड्या उरतो बहुतेक.

बैलगाडीचं खरं वजन मला फार उशिरा कळलं. मुख्य कचेरीत बेरजा करणारा एक कारकून होता, जाड चष्म्याचा. त्यानं एकदा चहा पिता पिता सांगितलं, की वर गेल्यावर सगळ्या गाड्यांची मोटार करतात. ट्रक म्हणजे तीन मोटारी. सायकल म्हणजे अर्धी.

‘आणि बैलगाडी?’ मी आपलं गंमत म्हणून विचारलं.

‘आठ.’

‘आठ?’

‘मागच्यांना अडवते ना ती. जो जास्त अडवतो त्याचं वजन जास्त. कचेरीतही तसंच आहे की.’ तो स्वतःच हसला, मग म्हणाला, ‘तुमच्या ठाण्याचे आकडे बघून वरचे हबकलेत. म्हणतात, हा रस्ता गुदमरलाय. शेजारून दुसरा काढल्याशिवाय गत्यंतर नाही.’ मी कप खाली ठेवला. माझे चाळीस गाडीवान तिथं, त्या कागदावर, तीनशेवीस मोटारी होऊन एकमेकांना भोंगे देत होते. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण काय सांगणार, की साहेब, त्यातले बैल खरे नव्हते?

मनाला मी पुष्कळ समजावलं. त्या रस्त्यावर चाळीस ठाणी होती, त्यांतलं माझं एक. एका माणसाच्या दुपारच्या झोपेवर कुणी सहा पदरी रस्ता बांधत नाही. बांधला मात्र. जुन्याला धरून, कुठं चार तर कुठं सहा किलोमीटरवरून, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण घालून, टोकापासून टोकापर्यंत. तो सुरू झाला त्या सकाळी कचेरीतला फोन वाजला. मेहुणे होते. म्हणाले, ‘पाहुणे, आज रस्त्यावर कुत्रं झोपलंय. अगदी मधोमध.’ मी म्हटलं, ‘हाकला की.’ मग म्हणाले, ‘कशाला? त्याला काय अडचण आहे?’ त्यानंतर मोजणीची आमची ठाणीच उठली. दुकान आणखी वीस वर्षं कसं तगलं ते ते कधी बोलले नाहीत. सायकलींच्या पंक्चरवर, शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर. वहिनी गेल्या. आम्ही भेटायला गेलो की ते पाठ फिरवून बसलेले असायचे, जुन्या सवयीनं कान रस्त्याकडे लावून. आणि मी मनात म्हणायचो, हा काय ऐकतोय, हा नक्की काय ऐकतोय.

आता तेच कान माझ्या गॅलरीत होते. त्या काड्या दिसल्यापासून मी घरातल्या घरात हेर झालो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आधी मी उचललं. काड्या होत्या, आदल्या दिवसापेक्षा जास्त. तिसऱ्या दिवशी पुरवणीवरही होत्या. स्वयंपाकघरात दोघं बहीणभाऊ हळू आवाजात बोलत असायचे आणि मी पाणी प्यायला गेलो की विषय एकदम कोथिंबिरीवर यायचा. कोथिंबिरीवर इतकं बोलण्यासारखं काय असतं? मेहुण्यांना फोन आला की ते जिन्यात जाऊन बोलायचे. जेवताना एकदा, पोळीचा तुकडा मोडता मोडता, त्यांनी विचारलं, ‘पाहुणे, एका माणसाला तासाला किती मोजता येतात हो?’

‘काय मोजता येतात?’ माझा घास तसाच राहिला.

‘काहीही. समजा, गाड्या.’

‘माणसावर आहे ते,’ मी म्हटलं.

‘तेच म्हणतो मी. माणसावरच आहे.’ आणि त्यांनी बहिणीकडे बघितलं. बहिणीनं भाजी वाढली, मला, न विचारता, दुसऱ्यांदा. चाळीस वर्षांत ती मला दुसऱ्यांदा भाजी न विचारता वाढते ती फक्त मला ताप आला असेल तेव्हा. म्हणजे हिला माझी दया आली. म्हणजे हिला कळलंय. जुनी कागदपत्रं हल्ली कुणालाही अर्ज करून मागता येतात म्हणतात. माझे तक्ते कुठल्या तरी तळघरात, गठ्ठा बांधून, माझ्या सहीसकट पडलेले असणारच. एका वाळक्या रस्त्यावर एका दुपारी एकेचाळीस बैलगाड्या. त्या दुपारी दारातच बसलेल्या माणसाला हे दाखवलं तर तो काय म्हणेल? मला रात्रीची झोप नीट लागेना, आणि दुपारची घ्यायची लाज वाटू लागली.

शेवटी मेहुणे आंघोळीला गेलेले बघून मी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. या वयात, स्वतःच्या घरात. दोन कागद निघाले. पहिला रस्ते खात्याची नोटीस. जुन्या हायवेच्या त्यांच्या टप्प्यावर तीन दिवस वाहनांची मोजणी होणार; दिवसाला दोनशे मोटारींचं वजन भरलं नाही तर तो टप्पा खात्याच्या यादीतून जाणार, डागडुजी बंद, आणि नदीवरचा जुना पूलही बंद. दुसरा कागद कुठल्याशा ठेकेदाराचा छापील अर्ज. ‘मोजणीदार’ असं छापलेल्या जागी मेहुण्यांच्या गोल अक्षरात माझं नाव. सहीची जागा कोरी. आत बादलीचा आवाज थांबला. मी कागद कशीबशी घडी घालून खिशात कोंबले आणि गॅलरीत जाऊन कुंडीतल्या रोपाशी उगाच लगट करू लागलो. मेहुणे सदरा चढवत आले, खिसा चाचपून टायरवर बसले, केसांतलं पाणी टिपत राहिले.

‘खिसा बघितलात ना?’ त्यांनी चौकाकडे बघतच विचारलं.

‘छे.’

‘घडी उलटी घातलीत.’

खोटं बोलण्यात मी हयात घालवली, पण घडीनं मला अनेकदा दगा दिला आहे. मी विचारलं, ‘माझं नाव कुणी लिहिलं त्यावर?’

‘मी. ठेकेदाराला माणसंच मिळेनात. मोकळ्या रस्त्याकडे दिवसभर बघत बसायचं म्हटल्यावर सगळे काढता पाय घेतात. मी म्हटलं, आमच्या घरातच एक आहेत, खात्यातून निवृत्त झालेले. आणि दुसरा मी.’

‘आणि या काड्या?’

‘सराव करतोय. सहाशेच्या पुढे हात भरून येतो माझा. तुम्ही कसं करायचात?’ त्यांनी ‘कसं’ जरा लांबवलं, असं मला वाटलं. किंवा नसेलही लांबवलं. खाली एक बस अडली होती आणि तिच्यामागे सगळा चौक ओरडत होता. ‘पुलापलीकडे अजून अकरा घरं आहेत,’ ते म्हणाले. ‘त्यांतलं एक माझं. पूल गेला की तिथं जायला वाट नाही. इथं वाईट आहे असं नाही, पाहुणे. चिमी जपते, तुम्हीही सोसता मला. पण खालून एवढ्या गाड्या जातात आणि त्यांतल्या एकीलाही माझ्याकडे काम नसतं. माणसानं किती दिवस ऐकावं ते?’

‘दादा, तिथून दिवसाला वीस तरी जातात का?’

‘मोजल्यावर कळेल,’ ते म्हणाले. ‘म्हणून तर तुम्ही हवेत.’ तुम्ही, म्हणजे सचोटीचा माणूस हवा, की तुम्ही, म्हणजे तुम्हीच? त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी सही केली. सही केली नसती तर का नाही ते सांगावं लागलं असतं. आतून बायको म्हणाली, ‘मी पण येतेय हं. माहेरचा रस्ता आहे माझा,’ म्हणजे ती दाराआडून ऐकत होती. आमच्या घरात दारांना फार काम.

बस अर्थातच नव्या रस्त्यानं गेली. मी खिडकीशी बसलो आणि सवयीनं मोजू लागलो, पण तिथं मोजणं जमत नाही. गाडी दिसते तेव्हा ती गेलेली असते. कुणाचा चेहरा दिसत नाही, कुणी कुणाला वळसा घालत नाही. तीन पदर जाणारे, तीन येणारे, सगळे भरलेले. ट्रकांमागे ट्रक, त्यांतला एक चक्क आरशांचा, कापडात गुंडाळलेला. कधीकधी मला वाटतं, मी खोटं लिहिलंच नव्हतं, फक्त लवकर लिहिलं होतं. माझ्या त्या दुपारच्या काड्यांना शेवटी गाड्या मिळाल्या, फक्त त्या चुकीच्या रस्त्यावरून गेल्या. शेजारच्या बाकावर मेहुणे डोळे मिटून बसले होते आणि मध्येच पुटपुटत होते, ‘उजवं. मागचं,’ आणि कुणी थांबत नव्हतं.

जुन्या रस्त्याला पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. डांबराला मधोमध भेग पडून तिच्यात गवत आलेलं, रांगेत, कुणी लावल्यासारखं. ठेकेदाराच्या माणसानं टेबल, छत्री आणि तक्ता दिला, संध्याकाळी येतो म्हणाला, आणि मोटरसायकलवरून निघून गेला. त्याचीच पहिली काडी मी मारली. दुकानाचं शटर गंजून जमिनीला चिकटलं होतं. मेहुण्यांनी मागच्या दारानं जाऊन दोन खुर्च्या आणल्या आणि चक्क खुर्चीवर बसले, कामावर आल्यासारखे. बायको दगडावर बसून वाटाणे सोलू लागली. येताना पिशवीभर शेंगा घेतल्या होत्या तिनं, तीन दिवस काय करणार म्हणून. अकरापर्यंत तीन सायकली, एक दुधाची गाडी, एक ट्रॅक्टर. मग काही नाही. नाही म्हणजे इतकं नाही, की दूर नव्या रस्त्याची घरघर ऐकू येत होती, शेजारच्या घरात कुणी गिरणी लावल्यासारखी. बारा वाजले. एक वाजला. माझा तक्ता सगळा मिळून दहा मोटारींच्याही वजनाचा नव्हता.

‘लिहा की,’ मेहुणे म्हणाले.

‘काय लिहू?’

‘पूर्वी लिहायचात ते.’

पेन्सिल माझ्या हातात होती आणि ती तशीच राहिली. पंचवीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. ते रागानं येईल, चारचौघांत येईल, कागद तोंडावर फेकून येईल, असं धरून चाललो होतो. ते असं येईल, वाटाण्यांच्या शेंगांच्या आवाजात, हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. मी विचारलं, ‘कधीपासून माहीत आहे?’

‘पहिल्या मोजणीपासून. माझ्याच खाटेवर घोरत होतात. मी समोर बसून रबर घासतोय, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तुम्ही उठून बसून, डोळे मिटून काड्या मारताय. एकदा तर हसलातसुद्धा.’

‘पोपट होता एक,’ मी म्हटलं. ‘मग बोलला का नाहीत? दादा, दुकान बुडालं तुमचं. माझ्या पायी.’

‘तुमच्या एकट्याच्या कसं? खाट कोण घालायचं? मला वाटलं, काड्या वाढल्या की रस्ता रुंद करतील. हाच. माझ्या दारातला. तुमची झोप मोडू नये म्हणून दुपारचा हातोडा बंद ठेवायचो मी, तीन तास. शेजारून दुसराच काढतील हे कुणाच्या डोक्यात होतं?’ त्यांनी तळहात गुडघ्यांवर पुसले. ‘मी समजत होतो, हे तुम्ही ओळखून आहात. मला वाटायचं, म्हणूनच तुम्ही माझ्याकडे नीट बघत नाही.’

आता मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, एका श्वासापुरतं. पण संशयाचं असं आहे, की तो एका खोलीतून हाकलला की शेजारच्या खोलीत जाऊन बसतो. रस्त्यावरची सायकल न चुकवणारा माणूस, असं त्यांनी त्यांच्या वडिलांना सांगितलं होतं. म्हणजे तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. म्हणजे माझ्याइतकंच सफाईनं खोटं बोलले होते ते, आणि तेही डोळे उघडे ठेवून. त्या वर्षी माझी बदली दुसऱ्या ठाण्यावर व्हायची होती. लग्न ठरलं आणि मीच अर्ज करून हे ठाणं मागून घेतलं, दरवर्षी, सासुरवाडी म्हणून. चहा रोज चारलाच यायचा, रकाने भरून झाल्यावर, पाच मिनिटं आधी नाही की नंतर नाही. खाट भावानं घातली. आणि चहा? मी मेहुण्यांकडे झुकलो आणि हळूच विचारलं, ‘आणि चिमी?’

‘तिचं तिला विचारा,’ ते म्हणाले, आणि पाठ फिरवून रस्त्याकडे कान लावला.

ती दगडावर बसली होती, पदराचा वारा घेत. टपोरे दाणे पातेल्यात, टरफलं पायाशी. चाळीस वर्षं जिचा श्वास ओळखतो ती बाई एका क्षणात माझ्यासमोर अनोळखी होऊन बसली. विचारायचं काय? तुला मला दिलं ते माझ्यासाठी, की तक्त्यासाठी? आणि ती जे सांगेल त्यातलं निम्मं सोडायचं म्हटलं तर कुठलं? त्यापेक्षा मी तक्त्याकडे वळलो. निदान तिथं काय करायचं ते मला येत होतं. पूल राहायचा असेल, मेहुण्यांना त्यांच्या घरी मरायचं असेल, तर दुपारभर गाड्या आणायला हव्या होत्या. मी डोळे मिटले. काहीच आलं नाही. पुन्हा मिटले. ट्रक नाही, शिंपी नाही, एक शिंग नाही. पापण्यांच्या आतही हाच रस्ता होता, असाच, मधल्या भेगेत गवत उगवलेला. उभ्या जन्मात मला असं झालं नव्हतं. ज्या दिवशी कुणाला तरी माझ्या खोटेपणाची खरोखर गरज पडली, त्याच दिवशी तो आटला. मेहुण्यांचे हात गुडघ्यांवर होते, खांबासारख्या दंडांच्या आता काठ्या झालेल्या, आणि ते हात वाट बघत होते.

‘अहो,’ बायको म्हणाली. ‘आत्ता गेली ती लिहिलीत का?’

मी डोळे उघडले. रस्ता कोरा होता. धूळसुद्धा उडालेली नव्हती.

‘कुठली?’

‘निळी. मागे गाद्या रचल्या होत्या, ही एवढी चळत, आणि सगळ्यात वरच्या गादीवर एक बाई आडवी पडलेली, डोक्याखाली हात घेऊन. एका पायातली चप्पल निसटायला आली होती तिची.’ शेंगेवरून तिची नजर हलली नव्हती.

मेहुणे रस्त्याकडेच बघत होते, पण त्यांची मान किंचित हलली, एखादा ओळखीचा ट्रक वळणावर आल्यासारखी. मी त्या चपलेचा विचार करत होतो. मला चप्पल सुचली नसती. बाई सुचली असती, गाद्या सुचल्या असत्या, पण चप्पल नाही. एवढा हात बसायला किती वर्षांचा सराव लागतो ते मला माहीत आहे, आणि तो सराव हिनं कुणावर केला असेल तेही आता ध्यानात येऊ लागलं. मी पेन्सिल उचलली. तक्त्यात दोन बाजू असतात, आणि त्यांतली एक निवडल्याशिवाय काडी मारता येत नाही.

‘जाणारी की येणारी?’ मी विचारलं.

तिनं नखानं शेंगेची शीर काढली, दाणे अंगठ्यानं पातेल्यात ढकलले, आणि मान वर करून एकदा रस्त्याच्या त्या टोकाकडे बघितलं, डोळ्यांवर हात धरून, ऊन लागत असल्यासारखं.

‘येणारी,’ ती म्हणाली. ‘लवकर लिहा, मागून दुसरी येतेय.’